कस्तुरबानगरच्या बाया आणि कोर्टाचा कागद

दलित स्त्रीचा इतिहास लिहायला घेतला की पहिली अडचण कागदाची येते. जिच्या हाती लेखणी नव्हती तिची नोंद दुसऱ्याने केली आणि ती स्वतःच्या सोयीने केली. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) सिद्ध केले ते जुन्या कार्यकर्त्या शोधून, त्यांना बोलते करून. त्यांना अडचण विस्मरणाची होती. कस्तुरबानगरच्या बाबतीत अडचण उलटी आहे. तेथे सर्वांना सर्व आठवते. फक्त कागदावर काही नाही.

१३ ऑगस्ट २००४ रोजी दुपारी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात, भर न्यायदानाच्या खोलीत, भरत कालिचरण ऊर्फ अक्कू यादव हा गुंड ठार झाला. पोलिसांनी त्याला जामिनाच्या सुनावणीसाठी आणले होते. तो सुटणार, अशी आवई वस्तीत उठली होती. दोनशेच्या आसपास बाया कोर्टात शिरल्या. तिखटाची पूड पोलिसांच्या आणि त्याच्या डोळ्यांत गेली, भाजी चिरायच्या सुऱ्या बाहेर निघाल्या आणि पंधरा-वीस मिनिटांत सारे आटोपले. त्याच्या अंगावर सत्तरावर वार होते. कोर्टात एका बाईकडे पाहून त्याने वेश्या म्हणून हिणवले, तिने चप्पल काढली आणि तेथून भडका उडाला, असे सांगतात.

वर्तमानपत्रांना हा पंधरा मिनिटांचा थरार पुरेसा वाटला. २०२१ साली ‘२०० हल्ला हो’ हा चित्रपट निघाला, २०२२ साली परदेशी कंपनीने त्यावर मालिका काढली. पण पंधरा मिनिटे म्हणजे इतिहास नव्हे. त्यामागे दहा-बारा वर्षे आहेत. कस्तुरबानगर ही बहुसंख्य दलितांची वस्ती. अक्कू याच वस्तीत वाढला. खंडणी, खून आणि बलात्कार ही त्याची सत्ता. एखाद्या घराला वाकवायचे तर त्या घरातल्या बाईला हात घालायचा, हे तंत्र त्याने ओळखले होते. त्यात नवीन काही नाही. गावगाड्याने शतकानुशतके हेच केले. बाया पोलिसांकडे गेल्या नाहीत असे नाही. तक्रार करून परत येईतो बातमी अक्कूपर्यंत पोहोचलेली असे आणि ठाण्यात उलट आपल्याच चारित्र्याची चौकशी होई, असे त्या सांगत आल्या. अनेकदा तो धरला गेला आणि अनेकदा सुटला.

यात उषा नारायणे हे नाव येते. ही वस्तीतली शिकलेली मुलगी, हॉटेल व्यवस्थापनाचे शिक्षण घेतलेली. शेजारच्या घरावर झालेल्या हल्ल्याची तक्रार तिने नोंदवली म्हणून टोळी तिच्या दारात आली. तिने आतून गॅसची टाकी उघडली, हातात काडी धरली आणि आत आलात तर सगळेच जळू, असे बजावले. टोळी मागे सरली. गुंड मागे सरकतो हे वस्तीने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. त्यानंतर दगड निघाले, ६ ऑगस्टला त्याचे घर पाडले गेले आणि तो जीव वाचवायला पोलिसांच्या आश्रयाला गेला. आपल्या चळवळीत शिक्षणाचे गोडवे पुष्कळ गायले जातात. पण शिकलेली एक मुलगी वस्ती सोडून गेली नाही तर काय घडते, याचा हा दाखला मला अधिक मोलाचा वाटतो. (खून झाला तेव्हा आपण कोर्टात नव्हतो, असे तिने सांगितले आहे.)

पाच बायांना अटक झाली तेव्हा सारी वस्ती उलटली: आम्हा सगळ्यांना धरा! शंभरावर वकिलांनी या बायांना आरोपी न मानता पीडित माना, असे निवेदन काढले. निवृत्त न्यायमूर्ती भाऊ वहाणे यांनीही, पोलिसांनी संरक्षण दिले नाही म्हणून त्यांना दुसरा मार्ग उरला नव्हता, असे उघड म्हटले.

हे ‘दुसरा मार्ग उरला नाही’ प्रकरण आपण सहज गिळता कामा नये. ज्या शहरात १९५६ साली लाखोंनी पंचशील घेतले त्या शहरातली ही घटना आहे, आणि पहिले शील प्राणिहिंसेपासून विरत राहण्याचे आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी रक्तरंजित मार्ग सोडा, असे बजावले. सत्याग्रहसुद्धा सोडा म्हटले. त्यांच्या युक्तिवादाला मात्र एक अट होती. सनदशीर मार्ग बंद होते तेव्हा त्या मार्गांचे समर्थन होऊ शकत होते, आता ते खुले आहेत, म्हणून नको. मग कस्तुरबानगरसाठी ते खुले होते काय? कायद्याच्या पुस्तकात होते. ठाण्याच्या उंबऱ्यावर नव्हते. त्या बायांचा जयजयकार करणारे आणि त्यांना रानटी ठरवणारे, दोघेही हा प्रश्न टाळतात. मला जयजयकार जमत नाही. जमावाच्या हाती सुरी आली की पुढचा बळी बहुधा दलितच असतो; खैरलांजी त्यानंतर दोनच वर्षांनी, २९ सप्टेंबर २००६ रोजी, शेजारच्या भंडारा जिल्ह्यात घडली आणि तेथेही एक जमावच होता. पण त्या बायांना दोष देण्याचा अधिकारही मला दिसत नाही.

विदर्भातल्या स्त्रीला कोर्टाचा अनुभव जुना आहे. देसाईगंजच्या ठाण्यात १९७२ साली मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. सत्र न्यायालयाने दोन पोलिसांना सोडले, नागपूर खंडपीठाने दोषी धरले आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार नाही, म्हणजे संमती! १९७९ साली चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. एका अनाथ, मजूर मुलीच्या पराभवातून देशाचा कायदा हलला, हे खरे. मथुरेला स्वतःला त्यातून काय मिळाले?

याच नागपुरात जुलै १९४२ मध्ये सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली. हजारो स्त्रिया आल्या. बाबासाहेब त्यांच्यापुढे बोलले. त्या परिषदेचे ठराव छापील मिळतात. कस्तुरबानगरच्या बायांचा ठराव कोठेही छापलेला नाही आणि छापताही येणार नव्हता. कारण बोलणे म्हणजे कबुली देणे. ही गप्प बसण्याची शिस्त त्यांनी दहा वर्षे पाळली. नोव्हेंबर २०१४ मध्ये सत्र न्यायालयाने पुराव्याअभावी सर्व हयात आरोपींना निर्दोष सोडले. एकवीस आरोपींपैकी तिघे तोवर मरण पावले होते.

आता कागद काय म्हणतो पाहा. आरोपी मेला की त्याच्यावरचा खटला संपतो, म्हणून अक्कूने काय केले याचा निकाल कधीच लागला नाही. त्याला कोणी मारले, याचाही लागला नाही. ज्या बायांवर अत्याचार झाले त्यांची साक्ष कोणत्याही न्यायाधीशाने शेवटपर्यंत ऐकून घेतलेली नाही. त्यांतल्या तेव्हा तरुण असलेल्या आज चाळिशी-पन्नाशीच्या आहेत. खुनाविषयी त्यांना विचारू नये. त्याआधीच्या दहा-बारा वर्षांविषयी मात्र कोणीतरी वही घेऊन त्यांच्या दारात जाऊन बसायला हवे, त्या सांगतील तेवढेच आणि त्या म्हणतील ते नाव गाळून.