विमानहल्ल्यांत पडलेल्या घरच्या डॉक्टराचें दप्तर

लंडनवर इ. स. १९४० च्या सप्टेंबरपासून १९४१ च्या मेपर्यंत जो बाँबवर्षाव झाला, त्यांत घरोघर जाऊन रोगी पाहाणारे डॉक्टरहि बळी पडले. हल्ल्यांत मृत्यू पावलेल्या नागरिकांचीं नांवें नोंदण्याचें काम युद्धसमाधि-मंडळानें १९४१ त हातीं घेतलें. त्या नोंदीचे सात खंड वेस्टमिन्स्टर ॲबे येथें असून त्यांत ६६,००० हून अधिक नांवें आहेत. नोंद त्रोटक असते: नांव, वय, पत्ता, मृत्यूचें स्थळ व तारीख.

आमच्या मतें डॉक्टराच्या स्मरणास एवढें साधन पुरेसें नाहीं. १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्यानें वैद्यकीय मदत मिळे ती विमेदार कामकऱ्यास. त्याच्या बायकामुलांस मिळत नसे. ही स्थिति ५ जुलै १९४८ पर्यंत होती. विमेदाराचें नांव निदान विमा-समितीच्या यादींत तरी असे. बायकामुलांच्या दुखण्यांचा वृत्तांत डॉक्टराच्या खासगी वहींत आणि त्याच्या स्मरणांतच राही. दवाखाना पुष्कळदां राहात्या घरींच असल्यामुळें एकाच बाँबनें डॉक्टर आणि वही दोन्ही नाहींशीं होत. कोणती बाळंतीण कशी वांचली, कोणाचें बिल सोडून दिलें, हें सांगणारें मग कोणी उरत नसे.

यास्तव संग्राहकांस आमची विनंति अशी कीं, जुन्या डॉक्टरवैद्यांच्या रोजवह्या कोठें आढळल्यास त्या रद्दींत जाऊं देऊं नयेत. सनदा व महजर यांच्याशेजारीं त्यांना जागा द्यावी.