भिंत कुणाची, गोल कुणाचा? फ्री किक अडवण्याचा दीडशे वर्षांचा इतिहास

आजचा भाग कोल्हापूरच्या फुटबॉलवाल्यांसाठी आहे, पण बाकीच्यांनीही पळून जाऊ नका. विषय साधा आहे. डीच्या बाहेर फ्री किक मिळाली, समोर पाच जणांची भिंत उभी राहिली, फटका बसला, चेंडू जाळ्यात. आता सांगा, चूक कुणाची?

शाहू स्टेडियमच्या गॅलरीत हा प्रश्न कुणी विचारतच नाही, कारण उत्तर आधीच ठरलेलं असतं: "गोली झोपला!" रात्रीपर्यंत त्या गोलाची रील पेठेपेठेत फिरलेली असते आणि खाली गोलीच्या नावानं शंभर कमेंट. माझं म्हणणं असं की यातल्या निम्म्या वेळा आपण चुकीच्या माणसाला शिव्या घालतो. हे का म्हणतोय, ते समजायला थोडं मागं जावं लागेल. चांगलं दीडशे वर्षं मागं.

इंग्लंडमध्ये १८६३ साली फुटबॉल असोसिएशननं पहिले नियम लिहिले. त्यात 'फ्री किक' होती, पण फाऊलसाठी नव्हती! हवेतला चेंडू नीट झेलला आणि टाचेनं जमिनीवर खूण केली, तर झेलणाऱ्याला फ्री किक मिळायची. हो, हातानं झेलायला तेव्हा परवानगी होती. फाऊलची शिक्षा म्हणून फ्री किक देणं नंतर हळूहळू आलं. आणि त्या फ्री किकवरून थेट गोल चालायचा नाही. ती मुभा मिळाली १९०३ मध्ये. म्हणजे १९०३ पर्यंत गोलीला फ्री किकची आजच्यासारखी धास्तीच नव्हती. चेंडू आधी दुसऱ्या कुणाला तरी लागायला हवा होता.

मग बचाव करणारे त्याचा फायदा कसा घ्यायचे? त्याचं एक गाजलेलं उदाहरण १८९१ चं आहे. एफए कपमध्ये नॉट्स काऊंटी विरुद्ध स्टोक. गोलमध्ये जाणारा चेंडू काऊंटीच्या हेंड्री नावाच्या बचावपटूनं अगदी गोलरेषेवर हातानं अडवला. स्टोकला फ्री किक मिळाली, तीही रेषेपासून अगदी हाताच्या अंतरावर. पण काऊंटीचा गोली टून थेट चेंडूसमोर येऊन ठाकला आणि फटका त्याच्याच अंगावर बसला. हातानं चेंडू अडवूनही काऊंटीचा संघ जिंकला. त्याच वर्षी जूनमध्ये पेनल्टी किकचा नियम आला. तो सुचवणारा आयर्लंडचा विल्यम मॅक्रम स्वतः गोलीच होता, हे मला फार आवडतं. आणि त्याच १८९१ मध्ये आपल्याकडं मुंबईत रोव्हर्स चषक सुरू झाला. तेव्हा तिथं गोऱ्या पलटणींचंच राज्य होतं.

आता अंतराचं बघू. आज आपण 'दहा यार्ड, दहा यार्ड' म्हणून ओरडतो, म्हणजे ९.१५ मीटर. पण आधी हे अंतर सहा यार्डच होतं. दहा यार्ड झालं १९१३ मध्ये. त्याच्या दोनच वर्षं आधी, २९ जुलै १९११ ला, कलकत्त्यात आयएफए शील्डची ती ऐतिहासिक फायनल झाली. मोहन बागान विरुद्ध ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट. सुधीर चॅटर्जी सोडले तर बागानचे सगळे अनवाणी. आणि त्या सामन्यात पहिला गोल कसा झाला माहीत आहे का? जॅक्सननं मारलेल्या फ्री किकवर. बागानचा गोली हिरालाल मुखर्जी. पुढं शिवदास भादुरी आणि अभिलाष घोष यांनी गोल केले, बागान २-१ नं जिंकलं, म्हणून तो पहिला गोल आज कुणाला आठवत नाही. हरले असते तर? हिरालालचं नाव आपण आज कसं घेतलं असतं, याचा जरा विचार करा.

इथं एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा. नियम तुम्हाला भिंत देत नाही. नियम फटका मारणाऱ्याला दहा यार्ड देतो. त्या दहा यार्डांपलीकडं तुम्ही भिंत उभी करा, रांगोळी काढा, तो तुमचा प्रश्न. भिंत उभी राहीपर्यंत समोरच्यानं थांबावं असंही नियम म्हणत नाही. रेफ्रीनं "शिट्टीची वाट बघ" असं सांगितलं असेल, तरच त्याला थांबावं लागतं.

याची किंमत किती मोठी असू शकते, ते ३ मार्च २०२३ ला बंगळुरूत दिसलं. आयएसएलचा बाद फेरीचा सामना, बंगळुरू एफसी विरुद्ध केरला ब्लास्टर्स, जादा वेळ चालू, ०-०. बंगळुरूला फ्री किक. ब्लास्टर्सचा गोली प्रभसुखन गिल भिंत लावण्यात गुंतलेला, आणि सुनील छेत्रीनं शांतपणे चेंडू रिकाम्या जाळ्यात टाकला. गोल दिला गेला. ब्लास्टर्सचे प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच संघाला घेऊन मैदानाबाहेर गेले. शेवटी क्लबला चार कोटी रुपये दंड आणि प्रशिक्षकावर दहा सामन्यांची बंदी. चूक-बरोबर यावर अजून भांडणं होतात. पण बचाव करणाऱ्यांसाठी धडा एकच: भिंत लागेपर्यंत एक माणूस चेंडूवर नजर ठेवून तयार हवा, आणि गोलीनं चेंडूकडं पाठ करायची नाही. भिंत लावायचं काम मैदानातल्या दुसऱ्या कुणीतरी करावं.

आता फटका मारणाऱ्यांनी भिंतीवर काय काय उपाय शोधले ते बघू. १९५० च्या दशकात ब्राझीलच्या दिदीनं 'फोल्या सेका' आणलं, म्हणजे सुकलेलं पान. चेंडू भिंतीवरून वर जायचा आणि झाडाचं वाळकं पान गळावं तसा अचानक खाली यायचा. १९५७ मध्ये पेरूविरुद्ध असाच गोल करून त्यानं ब्राझीलला १९५८ च्या विश्वचषकाचं तिकीट मिळवून दिलं. म्हणजे नुसती उंच भिंत पुरेना.

१९७४ च्या विश्वचषकात पूर्व जर्मनीविरुद्ध ब्राझीलचा जर्झिन्हो थेट जर्मनांच्या भिंतीत जाऊन उभा राहिला. रिव्हेलिनोनं फटका मारताच तो खाली वाकला, आणि चेंडू बरोबर त्या फटीतून आत. म्हणजे भिंतीतली एक वीटच शत्रूची निघाली! ही पळवाट बंद व्हायला तब्बल ४५ वर्षं लागली. २०१९ पासून भिंतीत तीन किंवा जास्त बचावपटू असतील, तर समोरच्या संघातल्या कुणालाही तिच्यापासून एक मीटरच्या आत उभं राहता येत नाही.

त्याच १९७४ च्या स्पर्धेत झैरेचा म्वेपू इलुंगा ब्राझीलच्या फ्री किकवर भिंतीतून सुटला आणि ब्राझीलचाच चेंडू लांब लाथाडून आला. पिवळं कार्ड. सगळं जग हसलं, आफ्रिकनांना नियमच माहीत नाहीत म्हणून. पुढं अनेक वर्षांनी त्यानं सांगितलं की नियम त्याला चांगला माहीत होता. पैसे न देणाऱ्या आपल्या अधिकाऱ्यांवरचा तो राग होता. एक क्लिप बघून माणसाबद्दल मत बनवू नये, हे आपण रीलच्या जमान्यात तरी शिकायला हवं.

मग ३ जून १९९७, फ्रान्समधलं लिऑन. रोबेर्तो कार्लोसचा तो फटका तुम्ही यूट्यूबवर शंभरदा बघितला असेल. सुमारे ३५ मीटरवरून, भिंतीच्या बाहेरून गेलेला चेंडू वळून खांबाला लागून आत. फ्रान्सचा गोली बार्थेझ जागचा हललाही नाही. भिंतीत चूक शोधून सापडत नाही. पण तेव्हापासून एक जुना नियम सगळ्यांना नव्यानं पटला: चेंडू आणि जवळचा खांब यांच्या रेषेत एक माणूस उभा करायचा आणि त्याच्याही बाहेर आणखी एक. वळणाऱ्या चेंडूसाठी तो जादाचा माणूस.

आणि २०१८. बार्सिलोनाविरुद्ध इंटर मिलानची भिंत उडी मारते, सुआरेझ खालून मारतो, आणि मागं ब्रोझोविच जमिनीवर आडवा होऊन चेंडू अडवतो. लोक हसले. आज गल्लीतली पोरंसुद्धा भिंतीमागं एकाला झोपवतात.

आता हे सगळं कोल्हापूरला आणून बघूया. इथला फुटबॉल तालमींतून वाढला. नावंच बघा: पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम. लाल माती आणि फुटबॉल एकाच घरात नांदले. १९१२ मध्ये राजर्षी शाहू महाराजांच्या काळात खासबागचं कुस्ती मैदान झालं, आणि १९४० मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे आपली केएसए. इथल्याच मातीतला अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. त्यामुळं इथं सामना दोन संघांचा नसतोच, दोन पेठांचा असतो. आणि फ्री किकवर गोल खाल्लेल्या गोलीला दुसऱ्या दिवशी त्याच पेठेत चहा प्यायला जायचं असतं.

म्हणून थोडा हिशेब करू. चेंडू ताशी १०० किलोमीटर वेगानं मारला, तर २० मीटर जायला त्याला साधारण पाऊण सेकंदही लागत नाही. त्यातला पहिला एक तृतीयांश सेकंद चेंडू भिंतीपर्यंत पोचण्यात जातो, आणि तेवढा वेळ गोलीला तो बऱ्याचदा दिसतच नाही. उरले जेमतेम चार दशांश सेकंद. तेवढ्यात ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच गोल सांभाळायचा. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये व्हर्च्युअल रिॲलिटी वापरून हेच तपासलं. भिंतीनं सुरुवातीचा चेंडू झाकला की गोली उशिरा हलतो आणि कमी चेंडू अडवतो, असं त्यांना दिसलं.

याचा अर्थ भिंत हा एक सौदा आहे. गोली आपली नजर गहाण टाकतो आणि बदल्यात अर्धा गोल भिंतीच्या हवाली करतो. जवळच्या खांबाची बाजू भिंतीची, लांबच्या खांबाची बाजू गोलीची. हा सौदा मोडला की गोल होतो. प्रश्न इतकाच, की मोडला कुणी?

भिंतीच्या बाजूनं बघितलं तर काम सोपं नाही. चारशे-साडेचारशे ग्रॅमचा चेंडू नऊ मीटरवरून अंगावर येतो. डोळे मिटणं, मान वळवणं, अंग चोरणं हे माणसाचं साहजिक वागणं आहे. पण एकानं अंग चोरलं की दोघांच्या मध्ये चेंडूएवढी फट पडते. म्हणून खांद्याला खांदा, हात अंगाशी, चेंडूकडं तोंड. हात बाहेर गेला आणि डीच्या आत चेंडू लागला, तर फ्री किकची पेनल्टी होते. उडी मारायची तर सगळ्यांनी एकदम, नाहीतर कुणीच नाही. भिंतीत किती जण, ते जागेवर ठरतं: समोरून आणि जवळून असेल तर चार-पाच, बाजूनं असेल तर दोन-तीन. बाकीच्यांनी आपापला माणूस पकडायचा आणि भिंतीच्या मागं गोलीच्या अंगावर जाऊन गर्दी करायची नाही.

गोलीच्या बाजूनं एकच मोठं पाप: फटका बसण्याआधी भिंतीच्या बाजूला पाऊल टाकणं. "वरून येईल" असा अंदाज बांधून तो सरकतो आणि आपलीच बाजू उघडी करतो. चेंडू दिसेल अशा जागी, दोन्ही पायांवर तोल ठेवून थांबायचं. आणि शाहू स्टेडियमवर हजारोंच्या आरडाओरड्यात गोलीचा आवाज भिंतीपर्यंत पोचेलच असं नाही, म्हणून हाताच्या खुणा आधीच ठरवून ठेवायच्या. हे सरावात ठरतं, सामन्यात नाही.

तर आता पुढच्या वेळी फ्री किकवर गोल झाला की मोबाईल काढण्याआधी तीन गोष्टी बघा. चेंडू भिंतीच्या फटीतून गेला का? मग गोलीला बोलू नका. भिंतीवरून जवळच्या कोपऱ्यात गेला का? मग भिंतीची उडी, तिची जागा आणि मारणाऱ्याचं कसब बघा. गोलीच्या बाजूनं गेला का? मग त्याचं पहिलं पाऊल कुठं पडलं ते बघा. आणि कधी कधी कुणाचीच चूक नसते. समोरचा भावा लईच भारी मारतो, बार्थेझसारखं नुसतं बघत राहावं लागतं.

सतरा-अठरा वर्षांचं पोरगं पेठेसाठी गोलमध्ये उभं राहतं. पाच जणांची चूक त्याच्या एकट्याच्या नावावर लिहू नका, एवढंच सांगायचं होतं. तुमच्या पेठेतला एखादा गोल आठवत असेल, तर कमेंटमध्ये लिहा: चूक कुणाची होती, आणि आज काय वाटतं? पुढच्या भागात भेटू. जय शिवराय!