मुंबईचा नाहींसा झालेला कोट

गेल्या माघांत साताऱ्याचे एक स्नेही प्रथमच मुंबईस आले होते. त्यांचें सारें आयुष्य अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशीं गेलेलें, तेव्हां फोर्ट भागांत शिरतांच त्यांनीं विचारलें, "अहो, पण किल्ला कोठें आहे?"

प्रश्न रास्त होता. चर्चगेट स्टेशनावर आम्ही उतरलों, पण तेथें दरवाजा नाहीं. १७१८ सालच्या सेंट थॉमसच्या चर्चकडे जाणारी कोटाची जी वेस, तिचें तें नांव. वेस गेली आणि त्याच भागांत १८६४ सालीं फ्लोरा फाउंटनचें कारंजें आलें. आज त्याच चौकाला हुतात्म्यांचें नांव आहे. बाजारगेटही असेंच लोकांच्या तोंडीं उरलेलें.

हा तट कोणा शत्रूनें पाडला नाहीं. गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकीर्दींत (१८६२–६७) सरकारनेंच तो पाडविला. स्वारीचें भय संपलें होतें, आंत दाटी असह्य झाली होती, आणि अमेरिकेंतील यादवीमुळें कापसाचा पैसा शहरांत लोटत होता. गोविंद नारायण माडगांवकरांचें 'मुंबईचें वर्णन' १८६३ चें, म्हणजे ऐन त्याच धामधुमींतलें! आम्हांस त्या भिंतींचें फारसें दुःख नाहीं. गिरगांव, भुलेश्वर तटाबाहेरच वाढलीं. पण स्नेह्यांचें समाधान होईना. शेवटीं सेंट जॉर्ज इस्पितळाजवळ, १७६९ च्या सुमारास वाढविलेल्या कोटाचा उरलेला तुकडा त्यांस दाखविला. त्यांनीं दगडावरून हात फिरविला, वर पाहिलें, आणि म्हणाले, "एवढाच?"