समूहानुवर्तन

समूहानुवर्तन : स्वतःचे निरीक्षण वा मत वेगळे असूनही गटातील बहुसंख्यांप्रमाणे बोलणे किंवा वागणे. अशा माणसाला भित्रा वा अडाणी ठरवून मोकळे होता येते. पण तो बहुधा फसलेला नसतो, एकटे पडण्याची किंमत त्याला नेमकी ठाऊक असते. परिस्थिती संदिग्ध असेल तेव्हा इतरांवर विसंबणे शहाणपणाचेच असते. मुझफ्फर शरीफ यांच्या १९३५ च्या प्रयोगात अंधारातील स्थिर ठिपका हलल्यासारखा दिसे आणि त्याच्या हालचालीविषयीचे गटातील अंदाज हळूहळू एकमेकांजवळ येत. सॉलोमन ॲश यांनी १९५० च्या दशकात ही संदिग्धताच काढून टाकली. रेषांच्या लांबीतील फरक उघड दिसत होता, पण सहभागी माणसाचे आधीच पढवून ठेवलेले सोबती एकमुखाने चुकीचे उत्तर देत. तरीही अशा फेऱ्यांत सहभागींची सुमारे एकतृतीयांश उत्तरे त्यांच्यासारखीच चुकली. मात्र एकच सोबती खरे बोलला की हे प्रमाण आधीच्या सुमारे चौथाईवर येई आणि उत्तर गुपचूप लिहून द्यायचे असले तरी ते घटे. डोळे तेच, रेषा त्याच. बदलला तो फक्त एकटेपणा.

प्रयोगशाळेतील रेषांवर कोणाचे पोट अवलंबून नसते, मग त्यावरून समाजाबद्दल काय कळणार, असा आक्षेप घेतला जातो. तो उलट दिशेने लागू पडतो: काहीच पणाला लागलेले नसताना माणूस झुकतो, तर पोट पणाला लागल्यावर अधिकच झुकेल. महाराष्ट्रात गावकी किंवा जातपंचायत एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकते तेव्हा लग्नकार्य, दुकान, मयताला खांदा, सगळेच तुटते आणि त्या कुटुंबाशी बोलणाऱ्यालाही दंड होतो. शेजाऱ्याला निवाडा पटलेला असतोच असे नाही. पण त्याचे गप्प राहणे पुढच्या घराला संमतीसारखे दिसते आणि न पटणाऱ्यांचेच बहुमत उभे राहते. राज्याच्या २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने (अंमल ३ जुलै २०१७ पासून) बहिष्कारासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवले. धाक आवश्यकच होता. पण ॲश यांचा निष्कर्ष खरा मानला तर पहिल्या विरोधकाला दुसरा मिळवून देणे तितकेच निकडीचे ठरते. मानखुर्दच्या लल्लुभाई कंपाउंडसारख्या पुनर्वसन वसाहतीत, जिथे शेजार नव्याने जुळवावा लागला, तिथे सोसायटीच्या सभेत हात वर करून मत घ्यायचे की चिठ्ठीवर, हा प्रश्नही म्हणूनच किरकोळ नाही.

आपला समाजच समूहनिष्ठ, त्याला इलाज नाही, हा दुसरा आक्षेप. रॉड बाँड आणि पीटर स्मिथ यांनी १९९६ मध्ये १७ देशांतील १३३ अभ्यास तपासले, तेव्हा समूहनिष्ठ संस्कृतींत अनुवर्तन खरोखर जास्त आढळले. पण त्याच तपासणीत अमेरिकेतील प्रमाण १९५० च्या दशकानंतर उतरलेलेही दिसले. म्हणजे अनुवर्तन समाजाच्या रक्तात कायमचे मुरलेले नसते. २०१८ मध्ये पुण्यातील कंजारभाट समाजाच्या तरुणांनी जातपंचायतीच्या कौमार्यचाचणीविरुद्ध जाहीर मोहीम उभारली. त्यांच्यातील काहींना जानेवारीत पिंपरीत मारहाण झाली, तरी मोहीम थांबली नाही. ते एकेकटे नव्हते.