पाण्यात विरघळलेले पाणपक्षी: पक्ष्यांची टपाल तिकिटं जमवताना काय लक्षात ठेवाल?

जुन्या पाकिटावरचं तिकीट पाण्यात भिजवून सोडवायचं, हा तिकीट संग्राहकांचा पहिला धडा. पण भारतातला एक संच असा आहे, की तो भिजवला तर चित्रातला पक्षीच वाहून जातो.

कोणता आहे हा संच?

१९९४ मध्ये टपाल खात्याने पाणपक्ष्यांची चार तिकिटं काढली. त्यात अंदमानचं बदक आणि गुलाबी डोक्याचं बदक होतं, शिवाय एक करकोचा आणि एक क्रौंच. छपाईची शाई मात्र पाण्यात विरघळणारी निघाली आणि संच विक्रीतून मागे घ्यावा लागला. त्यामुळे तो आज सहज मिळत नाही. गुलाबी डोक्याचं बदकही कित्येक दशकांत खात्रीने कुणाला दिसलेलं नाही.

सुरुवात कुठून करावी?

एकाच विषयावरची तिकिटं जमवणं म्हणजे थीमॅटिक संग्रह. जगभरातले पोपट, धनेश जमवायला गेलात तर अंत नाही. त्यामुळे आधी मर्यादा ठरवा. फक्त भारतीय तिकिटं घेतली तरी बरंच सापडतं:

- १९७५: पावसाच्या तोंडावर कोकणात येणारा नवरंग, सोबत हळद्या
- १९८०: माळढोक
- १९८३: बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शताब्दीनिमित्त महाधनेश
- २००६: संकटग्रस्त पक्ष्यांच्या संचात तणमोर

नवी तिकिटं मोठ्या शहरांतल्या फिलाटेलिक ब्युरोत मिळतात. तिथे डिपॉझिट खातं उघडलं तर ती घरपोच येतात.

तिकीट कसं सोडवायचं?

तिकिटाभोवती थोडा कागद ठेवून पाकीट कापा. साध्या कोमट पाण्यात १५-२० मिनिटं ठेवा. तिकीट ओढू नका, ते आपोआप सुटं होतं. मग टिपकागदावर पालथं घालून सुकवा. हाताळताना बोटांऐवजी चिमटा वापरा.

फसवणूक कशी टाळाल?

रंगीत पक्ष्यांना मागणी मोठी. त्यामुळे एखाद्या देशाच्या नावाने, त्या देशाने कधीच न काढलेली तिकिटंही बाजारात येतात. जागतिक टपाल संघाच्या पुढाकाराने २००२ पासून अधिकृत तिकिटांची ऑनलाइन नोंद ठेवली जाते. अलीकडच्या वर्षांतलं परदेशी तिकीट घेण्याआधी ती पाहा. मात्र सगळेच देश त्यात नोंद करत नाहीत, त्यामुळे नाव सापडलं नाही तर जाणकाराला विचारा.

आणि १९९४ चा तो संच पाकिटावर चिकटलेला मिळाला तर? पाण्यापासून लांब ठेवा. कागदासकट कापून तसाच अल्बममध्ये लावा.