श्वानांच्या पृष्ठवंशविकारांतील सूचिचिकित्सा

कण्यातील चकती फुटून अथवा फुगून मज्जारज्जूवर दाब आल्यामुळे ज्या कुत्र्यांना तीव्र वेदना, चालण्यातील लटपट किंवा मागील पायांचा पक्षाघात जडतो, त्यांच्यावर बारीक सुयांनी आणि चिनी परंपरेतील अन्य उपायांनी केली जाणारी चिकित्सा. डॅशहुंड, पेकिनीज अशा आखूड पायांच्या जातींत चकतीचा गाभा तरुण वयातच कोरडा व कठीण होतो; तो एकाएकी फुटणे आणि वृद्धापकाळी चकती हळूहळू फुगणे, हा भेद स्वीडिश पशुवैद्य हान्सन यांनी १९५२ च्या आपल्या प्रबंधात विशद केला.

या चिकित्सेस सहस्रावधी वर्षांची परंपरा आहे असे सर्रास सांगितले जाते, ते कुत्र्याच्या बाबतीत अर्धेच खरे मानावे. प्राचीन चिनी पशुवैद्यकाचा भर घोडा व गुरे यांवर होता, आणि यू बंधूंचा १६०८ मधील प्रसिद्ध ग्रंथही अश्वचिकित्सेचाच आहे. कुत्र्याच्या अंगावरील आजचे बिंदू बहुतांशी मानवी आलेखावरून अलीकडे उतरविलेले असून, मनुष्यास बरगड्यांच्या बारा जोड्या तर कुत्र्यास तेरा असल्यामुळे, पाठीवरील काही बिंदूंच्या जागांविषयी मतभेद राहिले आहेत. पशूंच्या सूचिचिकित्सेची आंतरराष्ट्रीय संस्था अमेरिकेत १९७४ साली स्थापन झाली.

कण्याच्या दोन्ही बाजूंचे हुआ तुओ जिआ जी बिंदू, कंबर व त्रिकास्थी यांच्या सांध्यावरील बाई हुई आणि गुडघ्याखालील त्सू सान ली येथे सुया टोचतात व पुष्कळदा त्यांतून सौम्य विद्युत्प्रवाह सोडतात. मंद आवर्तनाच्या प्रवाहाने शरीरातील एंडॉर्फिनसदृश वेदनाशामक द्रव्ये स्रवतात, हे बीजिंगच्या हान जीशेंग यांच्या संशोधनाने पुढे आले. जोडीस त्वेना मर्दन व औषधी काढे योजतात. मात्र काढ्यांतील बचनागासारखी द्रव्ये विषारी असल्याने ती पशुवैद्याच्या हुकुमावाचून देऊ नयेत.

ब्राझीलमधील २०१० च्या एका अभ्यासात, दोन दिवसांहून अधिक काळ गंभीर पक्षाघात असलेल्या कुत्र्यांपैकी विद्युत्सूचिचिकित्सेने १९ पैकी १५, तर केवळ शस्त्रक्रियेने १० पैकी ४ सुधारले. आकडे उत्साहवर्धक खरे. परंतु संख्या अल्प, आणि शस्त्रक्रियेचा गट जुन्या दफ्तरातून घेतलेला, म्हणून त्यांवरून शस्त्रक्रिया अनावश्यक ठरविणे रास्त नव्हे.

खरी कसोटी खोल वेदनेची आहे. चिमट्याने बोट दाबताच पाय आखडणे ही निव्वळ प्रतिक्षिप्त क्रिया होय. कुत्र्याने मान वळविली किंवा तो कण्हला, तरच संवेदना शाबूत समजावी. ती लोपली असेल तर सुयांच्या आशेवर वेळ न दवडता तातडीने प्रतिमाचाचणी व शस्त्रक्रियेची तजवीज करावी. सौम्य अवस्थेतही काही आठवड्यांची पिंजऱ्यातील सक्त विश्रांती अपरिहार्य असते, आणि पक्षाघात झालेल्या प्राण्याचे मूत्राशय दिवसातून अनेकदा हाताने दाबून रिकामे करावे लागते.