विजेची गिटार व तिचें भरीव अंग

अलिबागच्या किनाऱ्यावर फिरावयास येणाऱ्यांस कुलाबा किल्ला ठाऊक असतो. तेथील चुंबकीय वेधशाळेकडे मात्र फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद पूर्वीं मुंबईस, कुलाब्याच्या वेधशाळेंत होत असे. शहरांत विजेच्या ट्रामगाड्या आणण्याचें घाटूं लागलें, तेव्हां त्या प्रवाहामुळें तेथील सूक्ष्म चुंबकसूची विचलित होणार हें उघड झालें. म्हणून डॉ. नानाभाई मूस यांच्या देखरेखीखालीं १९०४ सालीं अलिबागेस वेध घेण्यास आरंभ झाला. दोन वर्षें दोन्ही ठिकाणच्या नोंदी ताडून पाहिल्या गेल्या आणि १९०७ सालीं मुंबईंत विजेची ट्राम धांवूं लागली.

या हकीकतीचा गिटारीशीं संबंध काय, असें वाचक विचारतील. ज्या निसर्गनियमानें ही वेधशाळा मुंबईहून हलविली, त्याचीच दुसरी बाजू विजेच्या गिटारीचा प्राण होय. वीज वाहूं लागली कीं जवळचा चुंबक डळमळतो. उलटपक्षीं, चुंबकाजवळ पोलादी तार कांपली कीं तेथील तांब्याच्या वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. या तत्त्वाचा पाया फॅरडेनें १८३१ सालींच घातला होता. गिटारीस त्याचा लाभ होण्यास शंभर वर्षें लागलीं.

तो लाभ प्रथम हवाई बेटांच्या वादनपद्धतीस झाला. गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवरून पोलादी कांडी सरकवावयाची, ही ती पद्धति. आपल्याकडील विचित्रवीणेवर फिरणाऱ्या काचेच्या गोळ्याची तीवरून आठवण व्हावी. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्को येथील प्रदर्शनानंतर तिचें वेड अमेरिकेंत पसरलें. परंतु मोठ्या वाद्यवृंदांत गिटारीचा नाजूक आवाज बुडून जाई. जॉर्ज बीचम या वादकानें नालाच्या आकाराचे दोन चुंबक योजून १९३१ सालीं लांकडी नमुना सिद्ध केला. पुढील वर्षीं रिकनबॅकर याच्या साहाय्यानें तेंच वाद्य ॲल्युमिनिअमचें ओतून विक्रीस आलें. लहान वाटोळें अंग आणि लांब दांडी पाहून लोक त्यास गमतीनें तळण्याचा तवा म्हणूं लागले.

येथें वाद्यविद्येंत मोठा पालट झाला. मिरजेचे कारागीर एकोणिसाव्या शतकापासून भोपळा पारखून तंबोरे घडवीत आले, कारण तारेचा क्षीण नाद त्या पोकळीनें पुष्ट होतो. चुंबकास तारेची हालचालच पुरते. उलट, यंत्रानें वाढविलेला आवाज पोकळ गिटारीस पुन्हां कांपवी व कर्कश शीळ उठे. म्हणून अंग भरीव करणें इष्ट ठरलें.

मग आकार कसाहि चालला असता. लेस पॉल यानें १९४१ च्या सुमारास एका चौकोनी ओंडक्यावरच तारा ताणल्या. पण श्रोत्यांस तें रुचेना. त्यास जुन्या गिटारीचीं दोन अंगें दोहों बाजूंस जोडल्यावर तेच लोक खूष झाले, असें तो सांगत असे. १९४८ सालीं पॉल बिग्सबीनें मर्ल ट्रॅव्हिससाठीं घडविलेल्या गिटारीवर सहाहि खुंट्या एकाच बाजूस होत्या; ती रचना व्हिएन्नाच्या श्टाउफरनें शतकापूर्वींच वापरली होती. १९५० सालीं लिओ फेंडरनें कारखान्यांत सहज जोडतां येईल असें भरीव वाद्य बाजारांत आणिलें, तर १९५२ सालीं गिब्सनवाल्यांनीं आपल्या भरीव गिटारीस व्हायोलिनसारखी उंचवट पाठ नव्हे, तर उंचवट छाती दिली. विज्ञानानें मोकळें केलेलें अंग संवयीनें पुन्हां जुन्या वळणावर आणिलें.

आज आपल्या घरोघरीं तंबोऱ्याचें काम एक विजेची पेटी करते. सोय मोठी आहे, तिला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. मात्र भोपळ्याचें कोणतें काम तिनें घेतलें आणि कोणतें सोडलें, हें ऐकून पाहिल्यावांचून तंबोरा अडगळींत टाकूं नये. मुंबईनें ट्राम आणली, तशी चुंबकाची नोंदहि राखली. ती ट्राम १९६४ सालीं बंद झाली. अलिबागची नोंद अजून चालू आहे.